ग्राफाइटची निवड
भौतिकशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस १९६० साली अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत रुजू झाल्या, तेव्हा घनस्थिती भौतिकशास्त्रातील, म्हणजे घन पदार्थांच्या गुणधर्मांवर काम करणारे, बहुतेक संशोधक सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्यात गुंतलेले होते. त्यांनी मात्र ग्राफाइट, म्हणजे थराथरांचा बनलेला कार्बन, निवडले. त्याचे कारण त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले: या विषयात फार थोडे लोक काम करत होते, त्यामुळे आजारी मुलासाठी घरी थांबावे लागले तरी दुसरे कोणी पुढे निघून जाण्याची धास्ती नव्हती. चार मुलांच्या आईने केलेला हा हिशेब मला तरी विज्ञानाच्या कोणत्याही थोर ध्येयापेक्षा अधिक खरा वाटतो.

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ग्राफाइट परके नाही. करड्या बिडाच्या ओतकामात कार्बन पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो, घासून चकचकीत केलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्याच्या काळ्या, वाकड्या रेघा दिसतात आणि त्यांच्या मांडणीवरून माल पास करायचा की नाही हे ठरते. बीड लेथवर सहज कापले जाते ते या पापुद्र्यांमुळे आणि घणाच्या घावाने फुटते तेही त्यांच्यामुळेच. आमचा प्रश्न तेवढ्यावर संपतो. ग्राफाइटमध्ये इलेक्ट्रॉन कसे वागतात हा ड्रेसेलहाउस यांचा प्रश्न होता.

त्यासाठी त्यांनी ग्राफाइट तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. अशा क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे ठरावीक टप्पे पडतात, आणि कोणत्या ऊर्जेचा प्रकाश शोषला जातो यावरून त्या टप्प्यांचा नकाशा काढता येतो. १९६८ मध्ये अली जवान आणि पॉल श्रोडर यांच्यासह त्यांनी लेझरचा वर्तुळाकार ध्रुवित (ज्याच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहते असा) प्रकाश वापरला, आणि तोवरच्या नकाशात इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, जी धनभारासारखी वागते) यांच्या जागांची अदलाबदल झालेली होती, असे दिसून आले.

ड्रेसेलहाउस यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला आणि बालपण ब्राँक्समध्ये गरिबीत गेले. शाळेत शिक्षिका होण्याच्या विचाराने हंटर कॉलेजात गेलेल्या या मुलीला भौतिकशास्त्राकडे वळवले ते तेथे शिकवणाऱ्या रोझलिन यालो यांनी. यालोंना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळाले. शिकागो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचा सहवास लाभला, पण पीएच.डी.चे मार्गदर्शक स्त्रियांनी विज्ञानात येऊच नये अशा मताचे असल्याने अतिवाहकतेवरचे (विजेला रोध न होण्याच्या गुणधर्मावरचे) ते काम त्यांनी बव्हंशी एकटीने पुरे केले.

१९७० च्या दशकात त्यांनी पती जीन यांच्यासह ग्राफाइटच्या थरांमध्ये इतर अणू शिरवून तयार होणाऱ्या संयुगांचा अभ्यास केला. मला हा त्यांच्या कामाचा कणा वाटतो, कारण थर एकमेकांपासून दूर गेले की एकेका थराचे गुणधर्म जवळजवळ सुटे पाहता येतात, आणि पुढचा सगळा विचार त्या एका थराभोवतीच फिरतो. तो थर म्हणजे कार्बन अणूंची षटकोनी जाळी. कागदाची सुरळी करावी तशी ती गुंडाळली की नॅनोनलिका होते. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये अशा नलिकांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि दुसऱ्याच वर्षी ड्रेसेलहाउस दांपत्याने जपानी सहकाऱ्यांसह गणिताने दाखवले की, जाळी कोणत्या दिशेने गुंडाळली आहे यावर नलिका धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी, हे ठरते. अणू तेच आणि बंधही तेच असताना केवळ गुंडाळीच्या दिशेने विद्युत गुणधर्म बदलावेत, हे भाकीत पुढे प्रयोगांनी खरे ठरले.

एमआयटीमध्ये १९६८ साली त्या कायमस्वरूपी प्राध्यापक झाल्या आणि १९८५ मध्ये ‘इन्स्टिट्यूट प्रोफेसर’ हा तेथील सर्वोच्च मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ग्रॅफीनचे, म्हणजे ग्राफाइटच्या त्या एका सुट्या थराचे, २०१० चे नोबेल गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना मिळाले. सुटा थर प्रत्यक्ष वेगळा करून मोजण्याचे काम त्या दोघांचे असल्याने त्याबद्दल तक्रार करता येत नाही. पण त्या थराची इतकी माहिती आधीपासून हाताशी होती, याचे बरेचसे श्रेय ड्रेसेलहाउस यांचे आहे. २०१२ चे नॅनोविज्ञानाचे काव्हली पारितोषिक त्यांना एकटीला देण्यात आले आणि २०१७ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचे काम चालू होते.