माझे २१४ डाव बाहेर काढताना

आपले बुद्धिबळाचे डाव नोंदवून ठेवायला सॉफ्टवेअर शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी एवढं करा. त्यात एकच डाव घाला, दोन चालींवर मराठीत टीप लिहा, डाव पीजीएन (बुद्धिबळाचे डाव साठवायची साधी मजकुराची) फाइल म्हणून बाहेर काढा आणि ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही आणि माझे चार महिने गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मी सांगलीचा. आमच्याकडे पट मांडलेलं घर शोधावं लागत नाही. वडील खेळायचे, त्यांच्याकडे बघून मी शिकलो आणि १९९४ पासून स्पर्धांना जातोय. प्रत्येक डावाची स्कोअरशीट, म्हणजे खेळताना चाली लिहितो तो कागद, जपलेली. पण स्पर्धेत मूळ प्रत आयोजकांची असते, नियमच तसा आहे. आपल्या हाती राहते ती कार्बनची. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पिशवी उघडली, तर जुन्या कागदांवरचा कार्बन उडायला लागला होता. १९९८ च्या एका स्पर्धेच्या पाच फेऱ्या मी खिडकीपाशी कागद तिरका धरून वाचल्या. त्याच पिशवीत वडिलांचे ११ डाव होते आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरातल्या टिपा. ‘इथे उंट मागे घ्यायला हवा होता.’ ‘घाई.’ ते आता नाहीत. हे सगळं संगणकात घालायचं, तेव्हाच ठरवलं.

चेसबेसचं नाव माहीत होतं. १९८६ पासूनची जर्मन कंपनी, मोठे खेळाडू तेच वापरतात. पण त्या किमतीत लाखो डावांचे संग्रह, तयारीची साधनं, सगळं येतं. मला माझे २१४ डाव नीट ठेवायचे होते, बस्स. म्हणून एक लहानसं सॉफ्टवेअर घेतलं, अडीच हजारांच्या आत. नाव लिहीत नाही. दिसायला सुरेख, पट मोठा, टिपा मराठीत लिहिता यायच्या आणि पडद्यावर अगदी स्वच्छ दिसायच्या. आणखी काय हवं, असं वाटलं.

डाव घालण्याचं काम मला आवडलं, हे सांगायला हवं. एका डावाला १२ ते १५ मिनिटं. प्रोग्राम बेकायदा चाल घेत नाही, त्यामुळे तीस वर्षांपूर्वी लिहिताना केलेल्या चुका सापडतात. चाल बसली नाही की दोन गोष्टी आधी तपासा: मध्ये पांढऱ्या-काळ्याच्या चालींची एखादी जोडी लिहायची राहिली आहे का, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळताना आपण घरं उलटीकडून तर मोजली नाहीत ना. माझ्या बहुतेक चुका या दोनच प्रकारच्या होत्या. वडिलांचे डाव जुन्या पद्धतीत होते, पी-के४ अशा, जिथे दोघेही आपापल्या बाजूने आडव्या पट्ट्या मोजतात. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, १९८१ पासून ती पद्धत बंद केली. एकेक चाल पटावर लावून नव्या पद्धतीत लिहिली. रात्री जेवणं झाली की बसायचो. पावसाळा त्यातच गेला.

मग जुना लॅपटॉप कुरकुरायला लागला, भाचीने नवा आणून दिला. इथे अडलं.

नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चढवलं, परवान्याचा क्रमांक टाकला. उत्तर आलं, हा क्रमांक वापरात आहे. परवाना एकाच संगणकाचा. जुन्यावरून काढून नव्यावर घेण्याची सोय मला कुठे दिसली नाही. ईमेल केला. सहा दिवसांनी उत्तर आलं, त्यात मदतपानाचा दुवा. त्या पानावर मी विचारलेल्या गोष्टीबद्दल अक्षर नव्हतं. पुन्हा लिहिलं, पावतीचं चित्र जोडलं. आणखी तेरा दिवसांनी कळवलं, की पुढची आवृत्ती विकत घेतली तर परवाना नव्याने मिळेल. मी पैसे भरले होते, डाव माझे होते, आणि ते बघायला पुन्हा पैसे भरा म्हणत होते.

ठीक, म्हटलं, डाव पीजीएनमध्ये काढू आणि यांचा नाद सोडू. पीजीएन म्हणजे साधी मजकुराची फाइल. वर कंसात स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल अशा सात नोंदी, खाली चाली, आणि महिरपी कंसात टिपा. कुठलाही बुद्धिबळाचा प्रोग्राम ती वाचतो. जुना लॅपटॉप उघडला, २१४ डाव निवडले, निर्यात केली. चाली सगळ्या आल्या. टिपांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हांच्या रांगा. आधी मला वाटलं, चुकलेल्या चालीपुढे आपण प्रश्नचिन्ह देतो, त्यातलंच काही असेल. मग वडिलांचा डाव उघडला. ‘घाई’ लिहिलं होतं तिथे तीन प्रश्नचिन्हं होती.

त्या रात्री झोप लागली नाही. मी पुन्हा निर्यात केली, एकेक डाव वेगळा काढून पाहिला, फाइलचं नाव बदललं, संगणक बंद करून चालू केला. दर वेळी तेच. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, की आमची निर्यात प्रमाणाप्रमाणे आहे. हे उत्तर मला सगळ्यात जास्त लागलं, कारण कागदावर ते खरंही आहे. पीजीएनचं प्रमाण १९९४ चं, आणि त्यात अक्षरसंच ठरवला आहे तो पश्चिम युरोपातल्या भाषांचा. देवनागरी त्यात बसतच नाही. पण आजचे बहुतेक प्रोग्राम यूटीएफ-८ मध्ये लिहितात, त्यात जगातल्या सगळ्या लिप्या मावतात. यांनी ते केलं नव्हतं, आणि विकताना सांगितलंही नव्हतं.

भाची रविवारी आली. तिने फाइल बघितली आणि म्हणाली, “मामा, यातून काही परत येणार नाही. अक्षरं लिहितानाच गेलीत.” तिने सांगितलेला फरक लक्षात ठेवा. टिपांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि विचित्र खुणा पुन्हा पुन्हा दिसत असतील तर घाबरू नका. तिथे अक्षरं शाबूत आहेत, फक्त चुकीच्या संचात वाचली जात आहेत. नोटपॅडमध्ये फाइल उघडताना खाली एन्कोडिंगची यादी असते, तिथे यूटीएफ-८ निवडा, मराठी दिसू लागेल. पण नुसती प्रश्नचिन्हं असतील तर ती फाइल सोडून द्या आणि मुळाकडे जा. जुना लॅपटॉप विकला किंवा पुसला असता तर माझ्याकडे मूळ राहिलंच नसतं. स्कोअरशीटही टाकू नका, संगणकात गेल्या म्हणून.

वाट तिनेच काढली. छापण्याच्या खिडकीत डाव वेबपान म्हणून जतन करायचा पर्याय होता. तो मी कधी उघडलाच नव्हता. त्यातून काढलेल्या पानात टिपा आल्या, काना-मात्रेसकट. ‘घाई’ वाचता आलं. मी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पुढचं काम हातानेच केलं. टिपा असलेले १३१ डाव होते. वेबपानावरून टीप उचलायची, पीजीएनमधल्या त्या चालीपाशी चिकटवायची. पाच आठवडे लागले. संपलं त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला.

आता डाव दोन ठिकाणी आहेत आणि दोन्ही फुकट. टिपांसकट सगळं लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या ‘स्टडी’मध्ये. एका स्टडीत ६४ प्रकरणं बसतात, म्हणजे ६४ डाव, म्हणून मी चार केल्या आणि वर्षांप्रमाणे वाटल्या. खासगी ठेवता येतात, मराठी नीट टिकतं, आणि अख्खी स्टडी एका वेळी पीजीएनमध्ये उतरवता येते. जाहिराती नाहीत. इंटरनेट मात्र लागतं. शोधाशोधीसाठी स्किड व्हर्सेस पीसी हा संगणकावर चढवायचा प्रोग्राम. दिसायला जुनाट आहे, दोन दिवस गोंधळायला होतं, पण अमुक प्रतिस्पर्धी, अमुक ओपनिंग, पटावरची अमुक स्थिती, काहीही क्षणात काढून देतं. त्यात मी फक्त चाली ठेवतो, टिपा नाही. चाली तपासून देणारं स्टॉकफिश इंजिनही फुकट जोडता येतं. काळ्याकडून फ्रेंच बचाव खेळताना मी तेच प्यादं किती वेळा घालवलं, ते तिथे कळलं.

राहिलेलं सांगतो. तारीख आपल्या पद्धतीने लिहू नका. पीजीएनमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये टिंब. माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह चालतं, वडिलांच्या डावांना मी तसंच केलंय. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंगची ओ-ओ ही खूण, हाताने लिहिताना शून्य नको, इंग्रजी मोठा ओ हवा. काही प्रोग्राम शून्य चालवून घेतात, काही तिथेच थांबतात. नावं एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर एकाच माणसाचे डाव तीन ठिकाणी सापडतात. आणि महिन्यातून एकदा पीजीएन उतरवून पेनड्राइव्हवर टाका.

वडिलांच्या एका डावाची २३ वी चाल अजून लागत नाही. तिथे कागदाला घडी पडून शाई गेली आहे. घोडा की उंट, कळत नाही, आणि दोन्हींनी पुढच्या चाली बसतात. तेवढा एक डाव मी दोनदा ठेवलाय.