आगीच्या पट्ट्यात राहून खिडक्या लाकडाच्या?

वणव्याच्या पट्ट्यात लाकडी खिडक्या का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर फोनवर प्रत्येकाला तेच सांगून दमलोय. मेलबर्नच्या पूर्वेला डॅन्डेनॉन्गच्या डोंगराजवळ घर बांधलं, मागे नुसती निलगिरीची झाडी, आणि खिडक्या लाकडी. पुण्याहून बाबांचा पहिलाच प्रश्न, अरे डोकं ठिकाणावर आहे ना?

आहे. इकडे 2009 च्या फेब्रुवारीत ब्लॅक सॅटर्डे म्हणतात त्या दिवशीच्या वणव्यांत 173 माणसं गेली, त्यामुळे बांधकामाचे नियम कडक आहेत. आधी माणूस येऊन 100 मीटरच्या आतली झाडी आणि जमिनीचा उतार बघतो, मग तुमचं BAL रेटिंग (बुशफायर अटॅक लेव्हल, म्हणजे वणव्याचा धोका किती) ठरतं. आमचं निघालं 29, म्हणजे आगीची धग चौरस मीटरला 29 किलोवॅटपर्यंत येऊ शकते असं धरून बांधायचं. या रेटिंगलाही लाकडी चौकट चालते, फक्त लाकूड कुठलंही नाही. वणव्याच्या भागातल्या बांधकामाच्या ऑस्ट्रेलियन स्टँडर्डमध्ये सात लाकडांची नावं आहेत, ब्लॅकबट, स्पॉटेड गम, रेड आयर्नबार्क, टर्पेंटाइन वगैरे. बाबांनी लगेच विचारलं सागवान आहे का, नाही म्हटल्यावर दोन मिनिटं फोनवर शांतता.

एका दुकानदाराने मला सीडर, म्हणजे त्या यादीत नसलेलं एक हलकं लाकूड, खपवायचा प्रयत्न केला, स्वस्त पडेल म्हणून. मी सीडरचा आणि ब्लॅकबटचा सारख्याच मापाचा तुकडा दोन हातांत धरून बघितला, सीडर अगदी हलका, ब्लॅकबट निदान दुपटीने जड, आणि असं घट्ट लाकूड पेटायलाच वेळ घेतं, वरून कोळसा होतो आणि तोच थर आतल्या लाकडाला धगीपासून वाचवतो.

खरी भीती काचेची. बहुतेक घरं आगीच्या भिंतीने नाही, उडत येणाऱ्या ठिणग्यांनी जातात, काच तडकली की ठिणगी थेट पडद्यावर. म्हणून 5 मिमी टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घेतली, आणि उघडणाऱ्या खिडक्यांना स्टीलची जाळी, भोक 2 मिमीपेक्षा मोठं नको. खर्च म्हणाल तर अॅल्युमिनियमपेक्षा बराच जास्त झाला, वर अधूनमधून तेलपाणी आहेच, आणि खिडकीच्या खाचेत अडकलेली निलगिरीची वाळकी पानं उन्हाळ्यात दर रविवारी मीच ब्रशने काढतो, बायको आतून बोट दाखवते, तो कोपरा राहिला.

पाहुण्यांना वाटतं जाळी डासांसाठी लावलीय. मी हो म्हणतो.