जिप्सीच्या बिग-बोअर इंजिनाला हेड गॅस्केट निवडताना : माझा अनुभव

इंजिन मारुती जिप्सीचं, जी१३बीबी, १६ व्हॉल्व्हचं. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५.५ मि.मी., क्षमता १२९८ सीसी. बोअर ७५.५ केलं की क्षमता १३५२ सीसी होते. पिस्टन ऑर्डर देऊन बनवलेले फोर्ज्ड. बोअरिंग, पिस्टन, रिंगा यांबद्दल माहिती देणारे पुष्कळ भेटतात. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग, मात्र 'दुकानात मिळेल ते' म्हणून सगळ्यात शेवटी आणलं जातं. बिग-बोअरची, म्हणजे असं बोअर वाढवलेली, बरीच इंजिनं तिथेच जातात, म्हणून इथे फक्त गॅस्केटबद्दल लिहितोय.

पहिला प्रश्न भोकाच्या मापाचा. कंपनीचं गॅस्केट ७४ च्या बोअरसाठी असतं. रिपेअर साइझच्या ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइझपर्यंत ते चालून जातं. मी ते ७५.५ च्या बोअरवर डॉवेल पिनांवर बसवून वरून पाहिलं, तर फायर रिंगची (गॅस्केटच्या भोकाला असलेल्या पत्र्याच्या रिंगची) कड बोअरच्या आत डोकावत होती. हे अजिबात चालत नाही. आत आलेल्या कडेची उष्णता लायनरमध्ये जायला वाट राहत नाही. ती लाल होते, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते, शेवटी जळून तुटते आणि तिचे तुकडे पिस्टनच्या डोक्यावर ठोकले जातात. बोअरपेक्षा गॅस्केटचं भोक निदान १ मि.मी. मोठं हवं, म्हणजे इथे ७६.५.

मग ७८ चं का नको? दोन कारणं आहेत. बोअरच्या कडेपासून गॅस्केटच्या कडेपर्यंत जी खाच उरते, तिथलं मिश्रण नीट जळत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: दोन सिलिंडरमधला पूल. जी१३ चा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर ओतलेले. बोअर १.५ ने वाढलं की शेजारच्या दोन बोअरमधली जागाही १.५ नेच कमी होते, आणि लायनरची भिंत प्रत्येक बाजूला ०.७५ ने पातळ होते. गॅस्केटचा उठावदार बीड (भोकाभोवतीचा उंचवटा) त्या उरलेल्या पट्टीवर पूर्ण बसला पाहिजे. म्हणून ऑर्डर देण्याआधी १-२, २-३ आणि ३-४ हे तिन्ही पूल व्हर्नियरने मोजले आणि बीडची रुंदी त्यात बसते का ते कागदावर काढून पाहिलं. पट्टी अपुरी पडत असेल तर बोअरच कमी ठेवा. गॅस्केट बदलून तो प्रश्न सुटत नाही.

त्यानंतर जाडी. इथे जो आकडा लागतो तो दाबल्यानंतरच्या जाडीचा. पाकिटातून काढून मायक्रोमीटरने घेतलेलं माप हिशोबात धरू नका.

कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) काढायला आधी चार मापं हाती हवीत. हेड उलटं ठेवून, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवून, चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावला, भोक पाडलेली अॅक्रेलिकची पट्टी दाबून बसवली आणि ब्युरेटने रॉकेल सोडलं. चारही चेंबर फेसिंगनंतर (हेडचा पृष्ठभाग कापून सपाट केल्यावर) ३० सीसीला जुळवून घेतले. पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचा २ सीसीच्या. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) असताना डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) किती खाली राहतो हे डायल गेजने घेतलं. ते गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवरच घ्यायचं, नाहीतर पिस्टन डोलतो आणि माप चुकतं. ते आलं ०.२० मि.मी., म्हणजे ०.९ सीसी. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टनच्या एका धावेतली जागा, ३३८ सीसी.

आता ७६.५ च्या भोकाचं गॅस्केट दर १ मि.मी. जाडीला ४.६ सीसी जागा घेतं. ०.७ जाडीला कॉम्प्रेशन रेशो १०.३६, ०.९१ ला १०.१२, १.३ ला ९.६९ निघतो. बरेच जण इथे थांबतात आणि 'पेट्रोल साधं आहे, जाड पॅकिंग टाकू' म्हणून १.३ घेतात. माझं मत ठामपणे याच्या विरुद्ध आहे. पिस्टन वर आल्यावर त्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यात जी चिमटी उरते, तिला स्क्विश म्हणतात. ती साधारण ०.९ ते १.१ मि.मी. असली की मिश्रण प्लगकडे जोरात फेकलं जातं, लवकर जळतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकणं) कमी होतं. १.३ चं गॅस्केट टाकलं की ती १.५ होते. रेशो अर्ध्या अंकाच्या आसपास उतरतो, पण स्क्विशचा फायदा हातचा जातो, आणि इंजिन कमी रेशोवरही ठोकत राहतं. रेशो कमी करायचा तर पिस्टनची खाच खोल करा किंवा चेंबर मोठा करा. गॅस्केटची जाडी स्क्विशसाठी ठरवायची. मी ०.९१ घेतलं. ०.२० धरून स्क्विश १.११ आणि रेशो १०.१ च्या आसपास. एवढ्याला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल हवं.

जाडी बदलली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतरही बदलतं. पिस्टनवर प्लास्टिसिन ठेवून, माहीत असलेल्या जाडीचं जुनं गॅस्केट घालून, बोल्ट आवळून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. प्लास्टिसिन कापून उरलेला थर मोजला आणि दोन गॅस्केटमधला फरक वजा केला. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. हे मी किमान मानतो.

मटेरियलमध्ये तीन पर्याय असतात. कॉम्पोझिट, म्हणजे पत्र्याच्या गाभ्यावर ग्रॅफाइट किंवा फायबर आणि भोकाला पत्र्याची रिंग. ते थोडा खडबडीतपणा आणि जुन्या डेकचे बारीक दोष सांभाळून घेतं, पण जास्त दाबाखाली रिंग सरकते. तांब्याचं गॅस्केट ओ-रिंगच्या तारेशिवाय टिकत नाही आणि पाणी झिरपवतं, त्यामुळे रोज चालणाऱ्या गाडीला नको. तिसरं एमएलएस, म्हणजे स्प्रिंग स्टीलचे एकावर एक पत्रे, त्यांना उठावदार बीड आणि वरून रबराचं पातळ कोटिंग. हेड तापून किंचित उचललं गेलं तरी बीड स्प्रिंगसारखा मागे येतो. या इंजिनासाठी मी तेच घेतलं.

पण एमएलएसला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, आणि खरे पैसे तिथेच जातात. डेक आणि हेड दोन्हींचा फिनिश १.२५ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणा) किंवा त्याहून बारीक हवा. नखाने चाचपून हे कळत नाही. मशिन शॉपकडे फिनिश मोजायचं यंत्र आहे का ते कामाआधीच विचारा. ब्लॉकमध्ये मऊ अॅल्युमिनियम आणि बिडाचा कडक लायनर एकाच पातळीत कापायचं असतं. टूल बोथट असेल तर लायनर केसभर वर राहतो आणि गॅस्केट फक्त लायनरवर टेकतं, पाण्याची भोकं उघडी पडतात. सरळपट्टी लांबीने, रुंदीने आणि तिरकी ठेवून ०.०५ ची फीलर कुठेही जाता कामा नये. डेकवर एमरी किंवा ग्राइंडरची गोल डिस्क फिरवायचा मोह आवरा. कडा गोल होतात, आणि डिस्कची पूड तेलात मिसळून बेअरिंगं खाते.

होनिंगच्या (बोअर शेवटचं घासून मापाला आणण्याच्या) वेळी टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावायला सांगितली, तीही त्याच प्रकारचं गॅस्केट घालून आणि तेच बोल्ट आवळून. अॅल्युमिनियमचा ब्लॉक बोल्ट आवळले की वाकतो. प्लेटशिवाय गोल केलेलं बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही.

गॅस्केट हातात आल्यावर कंपनीच्या गॅस्केटवर ठेवून एकेक भोक ताडून पाहिलं. पाण्याची काही भोकं कंपनी मुद्दाम लहान ठेवते, म्हणजे पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचूनच वर चढतं. बाजारातल्या गॅस्केटमध्ये ती सरसकट मोठी असली तर पाणी पुढूनच वळतं आणि चार नंबर तापतो. कॅमकडे तेल नेणारं भोकही तपासा. गॅस्केट उलटं बसलं आणि ते झाकलं गेलं तर कॅम कोरडाच फिरतो. कंपनीच्या गॅस्केटवर 'टॉप' लिहिलेलं असतं. ती बाजू वर आणि क्रँक पुलीकडे येते.

बसवताना एमएलएसला शेलॅक, अनाबॉन्ड, चंदेरी रंग, काहीही लावायचं नाही. कोटिंग पुरेसं असतं. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून कोरडे केले. बोल्टची भोकं टॅप फिरवून साफ केली आणि हवेने फुंकली. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्यावर दाब देतो, रेंच टॉर्क दाखवतो पण हेड दाबलं जात नाही, आणि कधीकधी ब्लॉकलाच तडा जातो. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधला, आणि तेल किंवा ग्रीस लावायचं की नाही तेही त्यातच पाहायचं. सुरुवात मधल्या बोल्टपासून, मग बाहेर, टप्प्याटप्प्याने. एमएलएसला पुन्हा आवळायची गरज सहसा पडत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज हाताने दाबून पाहिला. थंड इंजिन सुरू होताच तो दगडासारखा कडक झाला किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर जळका वायू पाण्यात शिरतोय. शेजारच्या दोनच सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच पडलं तर मधला पूल फुटलाय. तीन वेळा तापवून थंड केल्यावर लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजायची चाचणी) घेतलं. चारही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ आले. हे आकडे वहीत लिहून ठेवलेत. पुढचं लीक-डाउन पाचशे किलोमीटरला घेणार आहे.