६९-३९ : तिळगुळाचा पेच

ळ ला ९ दिल्यापासून माझा कटपयादि तक्ता (प्रत्येक व्यंजनाला एक अंक, स्वर सोडून द्यायचे; मग आकड्याचा शब्द आणि शब्दाचं चित्र करून लक्षात ठेवायचं) मार्गी लागलाय. नुसत्या झ आणि ध वर नऊचा रकाना भरलाच नसता. आता केळ १९, गूळ ३९, तीळ ६९, धूळ ९९. (मूळ रीत आकडे उलटे वाचायची. कर्नाटक संगीतातल्या मेळकर्ता रागांपैकी धीरशंकराभरणम् बघा: ध-र म्हणजे ९२, उलटून २९वा. मी सरळच वाचतो, जाणकारांनी रागावू नये.)

आधी पेढे घ्या. पायचे (π) पहिले ५० दशांश वाड्यात बसले, म्हणजे मनातल्या वाड्यात जागोजागी त्यांची चित्रं मांडून झाली, दिंडीदरवाजापासून परसापर्यंत! माजघरातल्या फडताळात १९-७१-६९-३९, म्हणजे केळ, साप, तीळ, गूळ. तीळ दिसला की गूळ आपोआप हजर, फुकटचा फायदा.

हाच फायदा पुढे नडला. कुठल्याही यादृच्छिक आकड्यांत ६९ आला की मागोमाग मी ३९ ठोकतो, तिथं नसला तरी. तेही छातीठोकपणे, कारण गूळ डोळ्यांपुढे चक्क दिसतो. वाटलं, वाड्यातली जुनी भुतं असतील, आधी मांडलेली चित्रं. म्हणून चित्रं मांडायला नवा मार्ग धरला, शाळा ते एसटी स्टँड. तिथंही गूळ! म्हणजे खोट जागेत नाही, जोडीत आहे.

हे सरळसरळ मानसशास्त्रज्ञ डीझचं प्रकरण. त्याने १९५९ मध्ये दाखवलं आणि रोडिगर-मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये पुन्हा उभं केलं: पलंग, विश्रांती, थकवा, स्वप्न असे शब्द ऐकवा, ‘झोप’ मात्र उच्चारू नका, ती ऐकल्याचं बरेच जण खात्रीने सांगतात. माझी झोप म्हणजे गूळ. शिवाय स्मृतीवर काम करणाऱ्या बॅडलीचे १९६६ चे प्रयोग आहेतच. उच्चारातलं साम्य तात्पुरत्या स्मृतीत घोळ घालतं, अर्थातलं साम्य दीर्घकालीन स्मृतीत. नऊच्या रकान्यात दोन्ही रोग: सगळे ळकारान्त, त्यात निम्मे खायचे.

अँकीत (कार्डांवरून उजळणी घेणारं ॲप) हे कळलंच नाही. ते कार्ड सुटं विचारतं, त्यामुळे ६९ नेहमी बरोबर. खुंट्या (प्रत्येक आकड्याचा ठरलेला शब्द) पाठ करायला झकास, जोडीतला घोळ पकडायला निरुपयोगी. इंग्रजी उच्चारांवर बेतलेली विकतची ॲप्स तर आपल्या कामाचीच नाहीत.

तेव्हा रकान्यातून किराणा हद्दपार. २९ फळाऐवजी फाळ, ३९ बाळ, ७९ साळीऐवजी सुळा. बाळ आल्यापासून गूळ डोकावतो खरा, पण त्याला आता आकडाच नाही, सोडून देता येतो. ६९ ला गिरगावातली चाळ ठेवणार होतो, लाकडी जिन्यासकट... थांबा, घुंगरांचे चाळ का नकोत? इमारत फडताळात कोंबण्यापेक्षा बाळाने सापाला चाळ बांधलेत, हे कितीतरी सोपं. वर आवाजही मिळतो. बदललं तक्त्यात.

पुढचे ५० सुरू होतात ५८-२०-९७ ने. ९७ वर गाडी अडलीय: झ किंवा ध, पुढे स, छ नाहीतर थ. धसका चालला असता, पण त्याचं चित्र कसं काढायचं? कुणाच्या तक्त्यात बरा शब्द असेल तर द्या, फक्त खायचा नको.