अंगणातली पाच जनावरं

यंदा धानाची रोवणी झाली आन् माझी कंबर गेली. आठ दिवस बांधीत वाकून पऱ्हे लावले, नवव्या दिवशी खाटेवरून उठताच येईना, तर मामाच्या पोरानं एक व्हिडिओ पाठवला, चिनी व्यायाम, नाव वू छिन शी, म्हणजे पाच जनावरांचे खेळ. वाघ, हरीण, अस्वल, माकड आन् पक्षी (तो बहुतेक क्रौंचच). म्हटलं हे तर आमच्याच गोंदियाकडचे! सारसासकट सगळे हजर आहेत.

हा व्यायाम ह्वा थुओ नावाच्या वैद्याचा म्हणतात, चीनच्या हान राजवटीच्या शेवटचा माणूस, छाव छाव नावाच्या सेनापतीनं त्याला इ.स. 208 च्या सुमारास मारून टाकलं. तो आपल्या चेल्याला सांगायचा, दार रोज फिरतं म्हणून त्याचा खुंट कुजत नाही, तसं अंगही हलतं ठेवा. तो चेला वू फू नव्वदीच्या पार गेला तरी दात शाबूत होते असं जुन्या चिनी इतिहासात लिहिलंय. आता जो प्रकार शिकवतात तो 2003 मध्ये तिकडच्या सरकारनं बसवलेला, एकेका जनावराचे दोन-दोन. वाघ म्हणजे लिव्हर, हरीण म्हणजे किडनी असंही जोडतात, ते मला काही पटत नाही, पण कंबर दुखत असली की माणूस लिव्हरचं कशाला विचारतो.

नेटवर्क अंगणातच मिळतं म्हणून तिथंच सुरू केलं. वाघाची झेप घेतली तर शेजारचा काका कुंपणावरून म्हणे, "संध्याकाळी नको करू बे, कोणी काठी घेऊन येईन." त्यात गंमत कमीच, वाघाच्या भीतीनं मोहफुलाला जाताना आमच्या बाया एकट्या जात नाहीत.

अस्वलाच्या वेळी मी व्हिडिओत पाहून एकेक पाय उचलून टाकत होतो, एकदम कवायत. ओसरीत तूर निवडत बसलेली आजी म्हणे, "हे काय करून राह्यला बाबू? अस्वल असं नाही चालत." आन् सूप बाजूला ठेवून उठली. तिनं मोहाखाली पाह्यलंय ना. पंजे आत वळवलेले, खांदे ढिले, सगळं वजन आधी एका खुब्यावर, मग पाय आपोआप घासत पुढं. चार पावलं चालली, साडी सावरत. मी तसंच केलं तर कंबरेत कुठंतरी गाठ सुटल्यासारखं झालं, व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं तेही हेच होतं म्हणा, कंबरेतून वजन बदला, पण मला ते आजीकडून कळलं.

हरीण मी थोडक्यात उरकतो. आमचा हरभरा खाल्लाय त्यांनी.

माकडाचं अजून जमत नाही. टाचा उचलायच्या, मान वळवायची, मग हात वर नेऊन झाडावरचं फळ तोडल्यासारखं करायचं. काल मी डोळे मिटून हवेतलं फळ तोडत होतो, तेवढ्यात कवेलूवरून एक खरं माकड उतरलं आन् आमची पपई घेऊन गेलं.