फोम, फट आणि काळा बॉल: पत्र्याच्या खोलीची नोंदवही

धायरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर दहा बाय बाराची एक पत्र्याची खोली आहे. भिंती विटांच्या, वर रंगीत प्रोफाइल पत्रा, पत्र्याखाली तीन-तीन फुटांवर दोन इंची चौकोनी पाइप. इतकी वर्षं तिथे माझं सोल्डरिंगचं टेबल आणि घरातली अडगळ होती. या वर्षी लेकीची सीईटी आहे. खाली दिवसभर कुकर, टीव्ही आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता, म्हणून तिने मार्चमध्ये पुस्तकं घेऊन वर मुक्काम हलवला. आठ दिवसांत तिचं एकच म्हणणं: "बाबा, हवेचं काही नाही, पण डोक्यावर कुणीतरी तवा धरल्यासारखं वाटतं."

तिच्या या वाक्यात सगळं गणित होतं. ते मला कळायला तीन आठवडे लागले.

२२ मार्च

पत्र्याखाली उष्णता अडवणारा, फॉइल लावलेला फोम बसवायचा विचार होता, पण आधी मापं, मग खरेदी, हे ठरवलं होतं. तपकीर गल्लीतून डीएस१८बी२० जातीचे, तापमान मोजणारे पाच सेन्सर आणले. एक पत्र्याला आतून, एक टेबलाच्या उंचीवर, एक बाहेर सावलीत, एक खालच्या बेडरूमच्या स्लॅबला. पाचवा टेबल टेनिसच्या बॉलमध्ये. बॉलला भोक पाडून सेन्सर आत सरकवला, भोक बंद केलं आणि बाहेरून मॅट काळा रंग मारून तो टेबलावर दोऱ्याने टांगला. साधा सेन्सर हवेचं तापमान सांगतो. काळा बॉल छताकडून आणि भिंतींकडून येणारी उष्णता शोषतो, म्हणून माणसाच्या अंगाला जे जाणवतं त्याच्या तो बराच जवळ जातो. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने असा एक बॉल बनवावाच. बाकी सगळी उपकरणं नंतर आणली तरी चालतील.

२ एप्रिल, दुपारी अडीच

बाहेर सावलीत ३९.१. खोलीतली हवा ३९.९. पत्रा आतून ६१. काळा बॉल ४३.९.

हवा आणि बॉल यांत चार अंशांचा फरक. तो तवा हाच. पंखा लावा, कूलर लावा, त्याने हवा हलेल, गार होईल. छताकडून येणारी धग हवेला तापवत बसत नाही, ती थेट अंगावर येते.

आकडा काढून बघितला. ६१ अंशांचा रंगवलेला पत्रा ३५ अंशांच्या त्वचेकडे दर चौरस मीटरला पावणेदोनशे वॅटच्या आसपास उष्णता फेकतो (पत्रा पूर्ण डोक्यावर पसरलाय असं धरलं तर). तोच पृष्ठभाग चकचकीत ॲल्युमिनियमचा असेल तर दहा वॅटही नाही, कारण ॲल्युमिनियम फॉइल उष्णतेचे किरण जेमतेम तीन ते पाच टक्केच सोडतं. फोमच्या रोलवर ती चांदी, म्हणजे फॉइल, शोभेसाठी लावलेली नसते.

६ एप्रिल

पहिली खरेदी. रविवार पेठेत बोहरी आळीत फिरून १० एमएम फोम आणला, एका बाजूला फॉइल, दुसरी बाजू पांढरी. आमच्या फॅब्रिकेटर दादांचा सल्ला: "साहेब, चांदी सूर्याकडे, आणि पत्र्याला गच्च चिकटवून टाका." दुकानदारही तेच म्हणाला. मलाही पटलं होतं. आरसा असेल तर तो उन्हाकडेच करायचा, ही कुणाचीही पहिली समजूत. पाइपांच्या मधल्या गाळ्यांत तुकडे कापून अर्धं छत तसं केलं, अर्धं मुद्दाम उघडं ठेवलं.

९ एप्रिल

उघडा पत्रा ६१, चिकटवलेल्या बाजूला फोमचा खालचा पांढरा पृष्ठभाग ४७. फरक पडला, पण फॉइलच्या पैशांत मिळायला हवा तेवढा नाही. लेक त्या बाजूला टेबल सरकवून बसली. म्हणाली, बरं आहे, पण मान अजून तापते.

चूक कुठे झाली ते त्या रात्री कागदावर बसून काढलं. पत्र्याखाली ऊन येतच नाही. ऊन पत्रा अडवतो, स्वतः तापतो आणि मग खाली उष्णता सोडतो. फॉइल तापलेल्या पत्र्याला चिकटलं की परतवायला किरणच उरत नाहीत, उष्णता धातूतून धातूत सरळ शिरते. चांदीसमोर मोकळी हवा असेल तरच ती चांदी. नाहीतर आपण फक्त १० एमएम फोम लावलेला असतो, आणि वर खोलीच्या बाजूला पांढरा फोम, जो रंगवलेल्या पत्र्याइतकाच सढळ हाताने उष्णता सोडतो.

म्हणजे चिकटवायचंच असेल तर चांदी खाली, खोलीकडे हवी. आणि चिकटवायचं नसेल, तर फट ठेवून दोन्ही बाजूंना चांदी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. फोमचा तुकडा पकडीत धरून गच्चीवर लायटर लावून बघितला. वितळून थेंब पडले आणि थेंब पडतानाही जळत होते. तुम्हीही आपापल्या रोलचा तुकडा असाच उघड्यावर जाळून बघा, दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. माझ्याकडे वायर पीव्हीसी पाइपात घातली आणि दिव्याच्या होल्डरभोवती सहा इंच फोम कापून टाकला. फॉइलमधून वीज वाहते, त्यामुळे स्क्रू मारताना मेन स्विच बंद.

१४ ते १६ एप्रिल

जुनं उतरवलं. ते खाली गाडीच्या शेडला वापरलं, चांदी खाली करून. नवा रोल दोन्ही बाजूंनी फॉइलचा, चार फूट रुंद, तोही १० एमएम.

पाइप दोन इंची असल्यामुळे काम सोपं झालं. फोम पाइपांच्या वर नाही, खाली लावला. पत्रा आणि फोम यांच्यामध्ये आपोआप दोन इंचांची फट मिळाली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पाइपाला सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने आवळल्या, फोम त्यांच्यात दाबला गेला. पहिल्याच दिवशी दोन पाइपांच्या मध्ये तो पोटासारखा खाली आला, म्हणून मधोमध नायलॉनची दोरी आडवी ताणली. जोडांना दोन इंचांचा ओव्हरलॅप. घरातली ब्राउन टेप लावली होती, ती चौथ्या दिवशी उन्हाने सुटून लोंबायला लागली. फॉइल टेप आणून सगळे जोड पुन्हा केले, ते अजून पक्के आहेत.

फट दोन्ही टोकांना उघडी ठेवली आहे. छताला उतार आहे, त्यामुळे खालच्या टोकाने हवा शिरते, तापते आणि वरच्या टोकाने निघून जाते. दोन्हीकडे बारीक जाळी मारली, नाहीतर गांधीलमाश्यांना आयतं घर.

१९ एप्रिल, दुपारी अडीच

बाहेर ३९.३. हवा ३७.६. काळा बॉल ३८.२. पत्रा ६६.

शेवटचा आकडा बघून दचकू नका. पत्रा आधीपेक्षा पाच अंश जास्त तापतो, कारण त्याची उष्णता आता खाली उतरत नाही. वर साचते, फटीतून आणि वाऱ्याने जाते. पत्रा तापला म्हणजे फोम काम करतोय. बघायचा आकडा बॉलचा: हवा आणि बॉल यांतला फरक चारावरून ०.६ वर आला.

लेकीला इन्फ्रारेड गन (पृष्ठभागाचं तापमान लांबूनच मोजणारी) हातात दिली. तिने छतावर धरली आणि ओरडली, "अडतीस! बाबा, अडतीस!" मला तो आनंद मोडवत नव्हता, पण खरं सांगणं भाग होतं. स्टुलावर चढून फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला, बुडबुडा राहू नये म्हणून नखाने दाबला आणि म्हणालो, आता टेपवर धर. ४५. बोटभर बाजूला फॉइलवर, पुन्हा ३८. ती दोन-तीनदा गन इकडून तिकडे नेत राहिली. मग तिचं तिलाच उमगलं: "म्हणजे फॉइलमध्ये मला जमीन दिसतेय." अगदी तेच. फॉइल स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, समोरच्याची परतवतं. गन त्यावर धरली तर ती फरशी आणि भिंती मोजते. ज्यांनी ज्यांनी असाच फॉइलचा फोम लावून, त्यावर धरलेल्या गनचे फोटो "पंचवीस अंश कमी झाले" म्हणून मला पाठवलेत, त्यांनी टेपचा तुकडा चिकटवून पुन्हा मोजावं ही मनापासून विनंती. खरा फायदा मोठाच आहे, त्याला खोट्या आकड्याची गरज नाही.

२४ एप्रिल, रात्र

याची कल्पना केली नव्हती. पूर्वी रात्री दहाला ही खोली २९ वर यायची. आता दारं-खिडक्या बंद ठेवल्या तर दहालाही ३१.५.

उघडा पत्रा दिवसा वैरी असला तरी रात्री मित्र होता. निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून तो झपाट्याने गार व्हायचा. परवा पहाटे पाचला मोजला तर पत्रा १७ आणि बाहेरची हवा २०.५, म्हणजे हवेपेक्षाही गार. आता ती गारवा देणारी वाटही फोमने अडवली.

पण आपण पुण्यात राहतो. एप्रिलमध्ये दुपारी ३९ असलं तरी हवा कोरडी, त्यामुळे पहाटे २०-२१. हा अठरा अंशांचा उतार मुंबईकरांच्या नशिबी नाही, आणि फोम लावणाऱ्याने तो वाया घालवू नये. संध्याकाळी साडेसातला बाहेरची हवा आतल्यापेक्षा खाली आली की दोन्ही खिडक्या उघडायच्या आणि एक्झॉस्ट चालू करायचा. अकरापर्यंत २७. सकाळी आठला सगळं बंद, पडदे ओढून. रात्री विटांच्या भिंतींत भरलेला गारवा दुपारी तीनपर्यंत पुरतो. वरच्या नोंदीत खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा कमी दिसते ती यामुळेच, एकट्या फोमचं ते श्रेय नाही.

४ मे

खालच्या बेडरूमच्या स्लॅबला आतून फोम लावावा का, असं दोघांनी विचारलं. मी लावला नाही. स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि रात्री आठला खाली ओततो. त्याला वरूनच अडवायला हवं. गच्चीवर चुना मारला, दोन हात. रात्री आठला स्लॅब आतून ३९.५ असायचा, तो ३६ वर आला. खर्च फोमच्या तुलनेत किरकोळ. स्लॅब असेल तर आधी चुना, पत्रा असेल तर आधी फोम, असं माझं मत झालं आहे.

१३ मे

या सुमाराला पुण्यात शून्य सावली असते, भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर. गच्चीतली उभी काठी बघितली, सावली बुंध्याशीच. दक्षिणेच्या भिंतीला या दिवसांत दुपारी ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मारा छतावर. भिंतींवर पैसे घालण्याआधी वर बघा. काळा बॉल आज ३८.९, हवा ३८.१. लेक दुपारी साडेतीनला पेपर सोडवत बसली होती, पंखा तीनवर. मी आत डोकावलो तर हाताने खूण केली, नंतर या.

१९ मे

संध्याकाळी वळीव. आधी धूळ, मग गारा. पत्रा दहा मिनिटांत ५२ वरून २६ वर आला आणि सगळ्या सांध्यांतून टण्टण् आवाज. अर्ध्या तासाने फोमच्या एका जोडातून थेंब पडायला लागला, नेमका टेबलावर. वर जाऊन बघितलं तर त्या जागी पत्रा कोरडा, गळती पाच फूट वरच्या अंगाला. पाणी फोमवर पडून, उतारावरून वाहत येऊन जोडात सापडलं होतं. फोम लावण्याआधी पत्र्यावर पाइपने पाणी मारून गळती तपासायला हवी होती, ते मी केलं नाही.

२१ मे

सगळे स्क्रू एकेक करून पाहिले. एकूण ४८, त्यांतल्या सात वायसरांचं रबर उन्हाने तडकलेलं. सातही बदलले, डोक्यांवर सिलिकॉन. खाली फोमवर, प्रत्येक पाइपाच्या रेषेत, मार्करने स्क्रूंच्या जागा लिहून ठेवल्या, म्हणजे पुढच्या वेळी थेंब पडला की कुठून आला ते शोधता येईल. उद्या सकाळी लेक खाली असताना तासभर पाइप लावून बघणार, आणि पाऊस सुरू झाला की फटीत ओल धरते का ते बघायला एक गाळा उघडणार आहे.