जिन्याखालचं घड्याळाचं दुकान

परवा दुपारी आधारची झेरॉक्स शोधायला बाबांचा खण ओढला, तो नेहमीसारखा अडकला म्हणून जरा हिसका दिला, तर आतून टिकटिक. बाबांचं एचएमटी जनता! दोन-तीन वर्षं कोणी चावी दिलेली नाही, पण हिसक्याने आतलं चाक हललं असणार, सात-आठ सेकंद चाललं आणि गप्प. झेरॉक्स नाहीच सापडली, ते जाऊ दे.

हे घड्याळ वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला गिरगावात जायचं. चाळीच्या जिन्याखाली दुकान, दुकान म्हणजे काय तर एक टेबल, एक बल्ब आणि काका, गिऱ्हाईक फुटपाथवर उभं. वरून पोरं धाडधाड जिना उतरायला लागली की काका टेबलावरच्या पार्ट्सवर काचेची वाटी पालथी घालायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. शेवटची चप्पल वाजली की वाटी वर. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद, एखादा स्क्रू उडाला तर शोधणार कोण! एकदा मला डोळ्याला भिंग लावायला दिलं होतं. आत केसाएवढी बारीक कमान, गुंडाळलेली, झोपलेल्या बाळाच्या पोटासारखी वर-खाली होत होती. "बघ, सेकंदाला पाच टिक, दिवसाला ४,३२,०००. तुझा बाप करतो का एवढं काम?" बाबा शेजारीच उभे. आम्ही तिघंही हसलो, बाबा जरा कमी.

गंमत म्हणजे त्यांच्या भिंतीवरच्या कुठल्याच दोन घड्याळांची वेळ जुळायची नाही. किती वाजले विचारलं की म्हणायचे, समोर इराण्याकडे बघ. त्यांना वेळेशी घेणंदेणं नव्हतंच, घड्याळ चालू झालं की ते कानाला लावून डोळे मिटून चाल ऐकत बसायचे, बस. एक लंबकाचं मात्र मुद्दाम ३९ मिनिटं मागे ठेवलेलं, वडिलांच्या वेळचं. १९०६ ला देशाची एक वेळ ठरली तरी मुंबईचा आपला वेगळा टाइम होता, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला, आणि काकांच्या जिन्याखाली तर अजून चालूच होता. रविवारी ओव्हलला मॅच बघायला म्हणून जायचे आणि पिचकडे पाठ करून राजाबाई टॉवरकडे बघत बसायचे. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि टॉवरला आईचं नाव, १८७८ ला बांधून झाला. आईच्या नावाने घड्याळ उभं करणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी देवच.

पुढे सेलची घड्याळं आली. काका दिवसभर सेल बदलायचे, पैसे त्याचेच मिळायचे, पण सेल बदलताना त्यांनी डोळ्याला भिंग लावलेलं मी कधी बघितलं नाही.

चाळ गेली, तिथे आता टॉवर आहे, त्याच्या जिन्याखाली मीटरबॉक्स. मॉलमधल्या काउंटरवर जनता दाखवलं तर पोरगा म्हणाला, सर, याच्यात सेल कुठे टाकायचा? मग मीच रोज सकाळी चहा उकळेपर्यंत चावी देतो. दिवसाला सहा मिनिटं मागे पडतं, आणि मी ते मिळवत नाही, का कोण जाणे. काल त्याच्या भरवशावर राहिलो आणि ८.१२ ची फास्ट गेली. मागच्या गाडीत चक्क चौथी सीट मिळाली.